नद्यांच्या नावांच्या खोल्या

नाना माणसाला त्याच्या नावाने कधी हाक मारत नसत, गावाने मारत. मी पहिल्यांदा त्यांच्या हॉटेलात शिरले तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्यात आईने बांधून दिलेल्या भाकरीचं फडकं, आणि दुसऱ्या दिवशीपासून एका सरकारी कचेरीत नकाशे गिरवायच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात जागा नव्हती. तिथल्या बाईंनीच सांगितलं होतं की त्र्यंबक रोडला एक हॉटेल आहे, नवराबायको चालवतात, मुलीबाळींनी राहण्यासारखं आहे. नानांनी माझं नाव विचारलं, लिहून घेतलं आणि बहुधा तिथेच विसरून गेले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘गाव?’’

मी सटाणा म्हटलं.

‘‘मग तुम्हाला मोसम देतो. तुमच्याच भागातली आहे, ओळखीची वाटेल.’’

मला काहीच कळलं नाही. जिना चढून वर गेल्यावर कळलं, की तिथल्या खोल्यांना नंबर नव्हते, नद्यांची नावं होती. गिरणा, मोसम, आरम, दारणा, कादवा, आणि अगदी मागच्या बाजूला, चिंचेच्या सावलीत, वालदेवी. पांढऱ्या दारांवर निळ्या रंगात हाताने लिहिलेली. गोदावरी नावाची खोली मात्र नव्हती. कुणी विचारलं तर नाना म्हणायचे, ती आपल्या आधीपासून या गावात राहतेय, तिला आपण कोण खोली देणार.

त्या दिवसापासून मी सटाणेकर झाले. पुढे लग्न झालं, आडनाव बदललं, सासर सिन्नरकडचं मिळालं, तरी नानांनी माझं गाव बदललं नाही. माणूस पहिल्यांदा जिथे झोपला ते त्याचं गाव, असा त्यांचा हिशेब होता.

नव्वदीच्या सुरुवातीचं ते नाशिक. त्र्यंबक रोडला नाक्यापुढे जरा गेलं की शहर संपत आल्यासारखं वाटायचं. हॉटेलच्या पुढ्यात बुचाची उंच झाडं होती. थंडी सुरू झाली की त्यांची लांब देठांची पांढरी फुलं सारखी गळत राहायची. सकाळी दार उघडलं तर पायऱ्यांवर फुलं, उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर फुलं. धुकं असलं की झाडं दिसायची नाहीत, नुसता वास यायचा. अजूनही मला त्या दिवसांची आठवण आधी नाकाला येते.

नाना झोपेच्या बाबतीत वेडे होते. आपण खोली भाड्याने देत नाही, झोप देतो, असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. रिकाम्या असतील त्या खोल्यांतून ते आळीपाळीने स्वतः झोपून बघायचे आणि सकाळी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हकिगत सांगायचे. गिरणेत पहाटे पंखा कण्हतो. कादवेत उशी जरा जास्तच भरलीय. दारणेच्या खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड बरोबर डोळ्यांवर येतो. मग त्या दिवशी पंख्यात तेल पडायचं, उशी उसवली जायची, खिडकीला जाड कापड लागायचं. दुपारच्या जेवणानंतर तर सगळं हॉटेलच निजायचं. टेलिफोनवर उशी ठेवलेली असायची. जिन्यावरून चपला हातात घेऊन जायचं. अशा वेळी कुणी नवं गिऱ्हाईक आलंच तर नाना त्याला बुचाखालच्या बाकावर बसवायचे, माठातलं पाणी द्यायचे आणि हळू आवाजात सांगायचे, की जरा थांबा, लोक झोपलेत. काही जण चिडून निघून जायचे, आणि काही तिथेच बाकावर पेंगायला लागायचे. जे पेंगायचे ते पुढे वर्षानुवर्षं येत राहिले.

आणि सकाळी नाश्त्याला प्रत्येकाला एक प्रश्न असे. चहा कसा झालाय, पाणी गरम मिळालं का, हे काकू विचारायच्या. नाना विचारायचे, ‘‘स्वप्न पडलं का?’’

पहिल्या दिवशी मी चपापले. परका माणूस, वडलांच्या वयाचा, आणि असं कसं विचारतो. काकू माझ्या ताटलीत पोहे वाढत म्हणाल्या, की यांचं हे असंच आहे, तुम्ही खाऊन घ्या. पण मी पाहिलं की बाकीचे लोक अगदी सहज सांगत होते. द्राक्षांचे व्यापारी, शाळा तपासायला आलेले अधिकारी, नांदगावचे एक कापडवाले, नवस फेडायला त्र्यंबकेश्वरला निघालेलं एखादं कुटुंब. कुणाला परीक्षेचा पेपर कोरा गेल्याचं पडलेलं असायचं, कुणाला मेलेली बहीण अंगणात धान्य पाखडताना दिसलेली असायची. नाना अर्थ सांगत नसत. शकुन-अपशकुन त्यांना पटत नसे. नुसतं ऐकायचे, मान हलवायचे आणि लक्षात ठेवायचे. कुठे लिहून ठेवत नसत, तरी दोन वर्षांनी परत आलेल्या माणसाला विचारायचे, की तुमची ती बहीण पुन्हा दिसली का. माणसाचा चेहराच बदलायचा. त्या माणसाने ते स्वप्न तोवर घरच्यांनासुद्धा सांगितलेलं नसायचं.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला हा नाद लागला कसा. ते बाकावरची फुलं गोळा करत होते. म्हणाले, ‘‘मला पडतच नाहीत गं. कधीच नाही पडली. ज्याच्या अंगणात झाड नाही तो शेजारची फुलं वेचतो, तसं आहे माझं.’’

माझी आई मला बघायला आली तेव्हा दोन दिवस राहिली. आमच्या घरी अहिराणी बोलतात. आईला शहरी मराठीचा जरा धाक होता, म्हणून ती नानांसमोर गप्पच असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी तिलाही विचारलं. आईने पदर सावरला आणि चक्क सांगायला सुरुवात केली. आमच्या मळ्यातली विहीर, तिच्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर बसलेली तिची एकेक मैत्रीण. मी हे तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. तिला मैत्रिणी होत्या हेही मला त्या दिवशी कळलं. निघताना ती मला म्हणाली, ‘‘हाई घर शे का हाटेल शे, काहीच समजत नही.’’ त्यानंतर तिने माझी काळजी करणं सोडलं.

निफाडच्या व्यापाऱ्याची गोष्ट मात्र सगळ्यांत मोठी. द्राक्षांचा हंगाम होता आणि निफाडकर बरेच दिवस कादवेत मुक्काम करून होते. निफाड काही लांब नाही, एसटीने माणूस जेवायच्या वेळेला घरी पोचतो. तरी ते घरी जात नव्हते, आणि का जात नाहीत ते कुणी विचारलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी स्वप्न सांगितलं. घराची सगळी दारं उघडी आहेत, चूल पेटलेली आहे, तव्यावर भाकरी आहे, आणि घरात कुणीच नाही. ते हाका मारत फिरताहेत.

नानांनी बशी खाली ठेवली. नेहमीसारखी मान हलवली नाही. आत जाऊन टोपी घालून आले आणि म्हणाले, चला. निफाडकर म्हणाले, अहो, स्वप्नच आहे. नाना म्हणाले, हो, स्वप्नच आहे, म्हणून तर आत्ता जायचं, खरं झाल्यावर जाऊन काय उपयोग. आणि काउंटर तसंच उघडं टाकून दोघं एसटी स्टँडकडे निघूनसुद्धा गेले.

त्या दिवशी रविवार होता. काकू स्वयंपाकघरात, नाना गायब, आणि लोक येतच होते. मग मी काउंटरमागे बसले. नांदगावचे कापडवाले पाणी तापवायला गेले. एका तपासणी अधिकाऱ्याने आपणहून दारणेतल्या चादरी बदलल्या. नव्या आलेल्या एका जोडप्याला कुठली खोली द्यावी यावर आम्ही बराच वेळ चर्चा केली, आणि शेवटी त्यांचा नुकताच वाद झालेला दिसतोय म्हणून त्यांना मागची वालदेवी दिली. दुपारी टेलिफोनवर उशीही ठेवली. इतका मजेचा रविवार मला पुढे फारसा मिळाला नाही.

नाना दिवेलागणीला परत आले ते एकटेच. सगळं ठीक होतं, सगळे घरी होते. निफाडकरांचं धाकट्या भावाशी मळ्याच्या वाटणीवरून बिनसलं होतं आणि ते रागावून घराबाहेर पडले होते, हे नानांना तिथे गेल्यावर कळलं. दोघे भाऊ एका पंगतीला जेवले की नाही, असं काकूंनी विचारलं. नाना म्हणाले, जेवले, पण माझ्या दोन बाजूंना बसून. निफाडकर त्या हंगामात परत मुक्कामाला आले नाहीत. दर वर्षी द्राक्षांची एक पेटी मात्र यायची.

मी दोन वर्षं मोसममध्ये राहिले. लग्न होऊन कॉलेज रोडला गेले, तरी महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी कचेरी सुटली की तिकडे चक्कर व्हायची. मग बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात काकू गेल्या. चार दिवसांचा ताप होता, एवढंच. त्यानंतर हॉटेल चालत राहिलं, पण आचारी बदलत राहिले, उशा उसवायला कुणी नव्हतं. मुलगा परदेशात होता. हॉटेल विकून टाका असं त्याने तिथून समजावलं, गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. मुंबईचे दोन भागीदार होते, सिंहस्थ तोंडावर आला होता आणि त्यांना नाशिकमध्ये जागा हवी होती. नानांनी वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाले, की हॉटेलला दोन माणसं लागतात, एक जागणारं आणि एक निजणारं, मी एकटा दोन्ही कसं करू. त्यांनी एकच अट घातली. वालदेवी त्यांच्याकडे राहील, ते असेपर्यंत.

पहिली गेली ती बुचाची झाडं. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. मग निळी नावं खरवडून दारांवर पितळी आकडे बसले. फक्त मागच्या एका दाराला हात लावायचा नाही असं कागदावर होतं, म्हणून वालदेवी तेवढी उरली. काकूंच्या स्वयंपाकघराच्या जागी काचेचं दार आणि आत अंधूक उजेडाचं रेस्टॉरंट झालं, तिथे दुपारपासून गाणी लागायची. सिंहस्थाच्या दिवसांत गर्दी झाली. एकेका खोलीत सहा-सहा माणसं कोंबली. पर्वणी संपली, माणसं पांगली, आणि मग कुणी येईना. जुने लोक एकदा येऊन जायचे, काउंटरवर उभे राहून इकडेतिकडे बघायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. भिंतींना ओल आली. दारात नव्याने बांधलेलं कारंजं बंद पडलं, त्यात पाणी साचून हिरवं झालं.

नाना आता तिथे गिऱ्हाईक होते. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते नाश्त्याला येत आणि जो कुणी चुकलामाकला पाहुणा असेल त्याच्या टेबलाशी जाऊन अदबीने विचारत, स्वप्न पडलं का. एके दिवशी एका बाईंनी तक्रार केली. नवा मॅनेजर तिशीतला होता, टाय लावणारा, शिकलेला. नानांनी पहिल्याच दिवशी त्याला गाव विचारलं होतं आणि त्याने नाशिक सांगितलं होतं. नाना म्हणाले होते, नाशिक हे कुणाचं गाव नसतं बाबा, इथे सगळे येतात. त्याने पुढे सांगितलं नाही, म्हणून नाना त्याला नुसतं साहेब म्हणायचे. सगळ्या शहरात गावाशिवायचा तो एकटाच. तक्रार आली त्या दिवशी मी तिथे होते. त्याने नानांना बाजूला घेतलं आणि फार सांभाळून सांगितलं, की गेस्टना त्रास होतो, कृपा करून त्यांच्याशी बोलू नका. नानांनी मान हलवली आणि परत कधीच कुणाला विचारलं नाही. सकाळी येऊन ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मला त्यांच्या पाठीकडे बघवायचं नाही. मी त्यांना आमच्याकडे राहायला चला म्हटलं, तर म्हणाले, माझी खोली आहे की.

मग एका शनिवारी दुपारी मी गेले तर हॉटेल शांत होतं. गाणी बंद, काउंटरवर कुणी नाही, टेलिफोनवर उशी. मला क्षणभर काळाचं भानच राहिलं नाही. बुचाचा वास आल्याचाही भास झाला. मागे गेले. वालदेवीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून नाना बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजत सांगितलं, की साहेब झोपलेत.

सकाळी मॅनेजर आपणहून त्यांच्याकडे आला होता. हॉटेल चालत नव्हतं, भागीदार रोज फोनवरून त्याला धारेवर धरत होते, आणि त्याची झोप पार उडाली होती. नानांशी बोलताना त्याची शहरी भाषा गळून पडली. डोळ्याला डोळा लागत नाय, नाना, असं म्हणाला आणि लागला तर काय दिसतं तेही त्याने सांगितलं. ते काय होतं हे नानांनी मला सांगितलं नाही. तो पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा आहे, घरी नाचणी आणि भात पिकतो, एवढं तेवढं कळलं. नानांनी त्याला आपल्या पलंगावर निजवलं, गाणी बंद केली आणि स्वतः दाराशी बसले.

आम्ही असे बसलेलो असतानाच बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दोघांपैकी थोरला भागीदार होता. न कळवता आला होता. रिकामं काउंटर, बंद गाणी आणि फोनवरची उशी बघून तो तडक मागे आला आणि मॅनेजर कुठे आहे म्हणून विचारलं.

‘‘झोपलाय,’’ नाना म्हणाले.

‘‘भर दुपारी? कामावर असताना?’’

‘‘हॉटेलात माणूस झोपतो. त्यासाठीच असतं ते.’’

तो दाराकडे सरकला. नाना उठून उभे राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत कुणाचा रस्ता अडवताना पाहिलं नव्हतं. आवाज मात्र नेहमीसारखाच हळू होता.

‘‘बाकी सगळं तुम्हाला दिलं. ही खोली माझी आहे आणि आतला माणूस माझा पाहुणा आहे. त्याला उठवायचं नाही.’’

भागीदार मागे फिरला. मग पुढे जाऊन फोनवर मोठमोठ्याने बोलला, आणि ऊन उतरायच्या आत निघून गेला. मॅनेजर संध्याकाळी उठला. गालावर उशीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. काय झालं ते त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, चहा घेऊ या का.

आठवड्याभरात त्याची नोकरी गेली. नानांनी ते फार मनाला लावून घेतलं. माझ्यामुळे पोराच्या पोटावर पाय आला, असं म्हणत राहिले. तोच त्यांना समजावायला आला, म्हणाला, नोकरी दुसरी मिळंल, तुम्ही आमच्या घरी चला चार दिवस, लावणी चालू हाय. नाना एक सदरा आणि एक धोतर पिशवीत घालून निघाले. किल्ली दारालाच लावून ठेवली. आता ते त्याला पेठकर म्हणायला लागले होते.

चार दिवसांचे चार महिने झाले. भात कापणीला आला तेव्हा मी आणि माझा नवरा त्यांना भेटायला गेलो. एक बातमीही सांगायची होती. भागीदारांनी हॉटेल विकलं होतं, आणि मागची खोली रिकामीच आहे असं म्हणत नव्या मालकाने ते वालदेवीसकट पाडायला घेतलं होतं.

पेठ सोडून पुढे डोंगर चढत गेलो. पाड्यावरचं घर कुडाचं होतं, सारवलेलं. नाना ओटीवर घोंगडीवर बसले होते. उन्हाने रापले होते आणि बारीक झाले होते. मॅनेजर, म्हणजे पेठकर, शेतातून चिखलाच्या पायांनी आला. शहरात दुसरी नोकरी बघतोय असं म्हणाला, पण घाईत दिसला नाही. आम्हाला पाणी द्यायला नाना उठायला लागले तेव्हा पेठकरची आई आतून आली, त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि म्हणाली, ‘‘बसा. तुमी पाव्हना हाय.’’ नाना बसले. इतका अवघडलेला माणूस मी पाहिला नव्हता. तिने त्यांच्या हातावर पाणी घातलं तेव्हा त्यांना कुठे बघावं ते कळेना. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलेला माणूस, त्याला कुणी करायला लागलं तर असाच लाजणार.

जेवण झाल्यावर मी बातमी सांगितली. त्यांनी तिथे काय होणार ते विचारलं. दुकानं होणार असं ऐकलंय, मी म्हटलं.

‘‘म्हणजे तिथे कुणी झोपायचं नाही,’’ ते म्हणाले. समोर पिवळा भात वाऱ्याने वाकत होता, तिकडे त्यांनी पाहिलं. ‘‘बरं झालं. वाईट झोपण्यापेक्षा न झोपलेलं बरं.’’

माझे डोळे भरून आले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग सांगितलं, की इथे त्यांना कुणी नाना म्हणत नाही, सगळा पाडा पाव्हना म्हणतो. पोरं, म्हातारी माणसं, सगळे. पहिले काही दिवस फार चुकल्यासारखं झालं. आता सवय होतेय.

ऊन कलायला लागलं, आम्ही उठलो. मी म्हटलं, आमच्या घरात एक खोली रिकामीच असते, चला. ते नुसते हसले. मग मी विचारलं, निदान सांगा तरी, नाशिकला कधी येताय.

नाना पेठकरच्या आईकडे बघत जरा दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘सटाणेकर, असं विचारू नये. यजमानाच्या देखत पाहुण्याला कुणी विचारतं का, कधी जाणार म्हणून?’’